खाटेचे दिवस मोजा: रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचा हिशेब कसा मांडावा

रुग्णालयाच्या जमाखर्चात विजेचे बिल दिसते, ऑक्सिजनचे दिसते, लाँड्रीवाल्याचेही दिसते; ‘संसर्ग’ नावाचा रकाना मात्र कुठेच नसतो. लघवीच्या नळीमुळे ताप भरलेल्या एखाद्या आजोबांचे सहा जादा दिवस खाटभाड्याच्या पानावर, त्यांचे मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक औषधांच्या पानावर आणि त्यांची तीन कल्चर, म्हणजे जंतू शोधण्याच्या तपासण्या, प्रयोगशाळेच्या पानावर चढतात. वर्षअखेरीस हिशेबनीसाला विचारले की संसर्गांपायी आपले किती गेले, तर तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो की असा काही खर्च झालेलाच नाही. संसर्ग रोखण्याचा खर्च मात्र उठून दिसतो. हँड रबच्या, म्हणजे हातांना चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रवाच्या बाटल्या, क्लोरहेक्झिडिन हे त्वचेचे जंतुनाशक, निर्जंतुक गाऊन, संसर्ग नियंत्रण परिचारिकेचा पगार या सगळ्यांना स्वतःची ओळ असते, आणि काटकसरीची वेळ आली की कात्री आधी त्याच ओळींवर चालते.

पन्नास ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात ज्यांच्याकडे संसर्ग नियंत्रणाचे काम नुकतेच आले आहे, अशा सिस्टर, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि प्रशासक यांच्यासाठी हा लेख आहे. हात कसे धुवावेत हे सांगणारे साहित्य भरपूर मिळते; त्या कामाचा पैशांचा हिशेब कसा बांधायचा, हे मात्र बहुतेकांना पहिल्या व्यवस्थापन बैठकीत घाम फुटल्यावरच शिकावे लागते.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. दाखल होताना जो संसर्ग रुग्णाच्या अंगात नव्हता आणि मुरतही नव्हता, पण रुग्णालयात राहिल्यामुळे जडला, तो रुग्णालयजन्य संसर्ग. साधारणपणे दाखल झाल्यापासून ४८ तास उलटल्यानंतर दिसलेला संसर्ग या व्याख्येत धरतात. मोठ्या रक्तवाहिनीत घातलेल्या नळीमुळे, म्हणजे सेंट्रल लाइनमुळे, रक्तात होणारा, लघवीच्या कॅथेटरमुळे होणारा, व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग असे याचे चार मुख्य प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सरासरी ७ जणांना आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो.

पहिली पायरी: पैसे कोण भरतो ते लिहून काढा

गेल्या तीन महिन्यांतल्या डिस्चार्जची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे पैसे कोणत्या वाटेने आले ते लिहा: रोख, मेडिक्लेम, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारत, किंवा एखाद्या कंपनीशी केलेला करार. हे काम एका दुपारचे आहे आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो, कारण एकाच संसर्गाचा भुर्दंड वेगवेगळ्या वाटेने वेगवेगळ्या खिशावर पडतो.

योजनेच्या रुग्णासाठी उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. खाट, औषधे, तपासण्या, जेवण हे सारे त्या एका आकड्यात बसवायचे असते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ही योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला सध्याचे नाव मिळाले. या काळात अनेक लहान रुग्णालयांच्या उत्पन्नाचा मोठा भाग रोख बिलाकडून अशा ठरलेल्या दराकडे, म्हणजे पॅकेजकडे, सरकला, पण त्यांची विचार करण्याची पद्धत रोख बिलाचीच राहिली. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण सहाव्या दिवशी घरी गेला काय किंवा टाक्यांतून पू येऊन विसाव्या दिवशी गेला काय, रुग्णालयाच्या हाती पडणारी रक्कम ठरल्याप्रमाणेच असते, आणि मधले चौदा दिवस रुग्णालय स्वतःच्या खिशातून भरते.

रोख बिलाच्या रुग्णाचे गणित उलटे, आणि थोडे अवघड वाटणारे आहे. तिथे जादा दिवसांचे बिल कुटुंबाकडे किंवा विमा कंपनीकडे जाते आणि रुग्णालयाच्या खात्यात ते उत्पन्न म्हणून जमा होते. त्यापायी संसर्गाची वाट पाहणारा डॉक्टर मी आजवर पाहिलेला नाही. पण ज्या गोष्टीची झळ तिजोरीला लागत नाही, तिच्यासाठी तिजोरी सहज उघडतही नाही, हे मी अनेक बैठकांत पाहिले आहे.

शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयात वर्षाचे अनुदान ठरलेले असते, त्यामुळे तिथे संसर्गाची किंमत रुपयांत दिसण्याआधी जागेच्या टंचाईत दिसते. वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकल्या जातात, भारी अँटिबायोटिकचा साठा मार्च येण्याआधी संपतो आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलकडे धावतात.

पैसे भरणाऱ्याने नियम बदलले की वागणूक बदलते, अशी एक समजूत आहे. अमेरिकेत मेडिकेअरने ऑक्टोबर २००८ पासून कॅथेटरमुळे किंवा सेंट्रल लाइनमुळे झालेल्या संसर्गासाठी जादा पैसे देणे बंद केले. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या नियमामुळे संसर्ग घटल्याचे मोजता येण्यासारखे काही सापडले नाही. दर आधीपासूनच उतरत होते आणि नंतरही त्याच चालीने उतरत राहिले. तेव्हा पॅकेज आले म्हणजे संसर्ग आपोआप कमी होतील, अशा भरवशावर राहू नका. पॅकेजमुळे तुमच्या मागणीला बैठकीत कान मिळतो, एवढेच.

दुसरी पायरी: मोजणी, आणि छेदाकडे विशेष लक्ष

‘या महिन्यात तीन संसर्ग झाले’ या वाक्याला अर्थ नाही. कितीजणांत तीन, हे सांगावे लागते. उपकरणामुळे होणाऱ्या संसर्गासाठी छेदात, म्हणजे ज्याने भागायचे त्या आकड्यात, उपकरण-दिवस घेतात; ते उपकरण लावलेल्या रुग्णांच्या रोजच्या संख्येची बेरीज म्हणजे उपकरण-दिवस: संसर्गांची संख्या भागिले उपकरण-दिवस, गुणिले १,०००. शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी दर १०० शस्त्रक्रियांमागे किती, असा दर काढतात.

उपकरण-दिवस मोजायला संगणक लागत नाही. दोनशे पानी वहीत पाच रकाने आखा: तारीख, आयसीयूतले एकूण रुग्ण, सेंट्रल लाइन असलेले, लघवीची नळी असलेले, व्हेंटिलेटरवर असलेले. रात्रपाळीच्या सिस्टरने सकाळच्या हँडओव्हरच्या आधी, रोज एकाच वेळी, खाटांवरून एक फेरी मारून हे आकडे लिहायचे. एकाच रुग्णाला दोन सेंट्रल लाइन असल्या तरी त्या दिवसाचा एकच लाइन-दिवस धरायचा. फेरीला चार-पाच मिनिटे लागतात. महिनाअखेरीस प्रत्येक रकान्याची बेरीज केली की छेद तयार. हे आकडे कोणी महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकत्र बसून भरले आहेत का, ते ओळखायचे असेल तर शाईकडे पाहा. तीस दिवस एकाच पेनने, एकाच अक्षरात आणि एकाच तिरकसपणाने लिहिलेली वही खरी नसते.

जखमेच्या संसर्गाची मोजणी जास्त फसवी आहे, आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. कामाच्या पहिल्या वर्षी एका रुग्णालयात मी सलग तीन महिने ‘जखमेचे संसर्ग: शून्य’ असा अहवाल दिला आणि कौतुकही करून घेतले. चौथ्या महिन्यात पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंचा मुलगा जुनी फाइल मागायला आला. बोलता बोलता तो म्हणाला की आईचे ड्रेसिंग गावातले डॉक्टर महिनाभर करत होते. आमच्याकडून ती सहाव्या दिवशी कोरड्या जखमेने घरी गेली होती, पू नवव्या दिवशी आला होता, आणि एवढ्या लांब परत यायचे एसटीचे भाडे व बुडणारी मजुरी टाळण्यासाठी ते जवळच्याच दवाखान्यात गेले होते. मग यादी काढून सगळ्यांना फोन केले, तेव्हा शून्याची खरी किंमत कळली.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर ३० दिवस, आणि सांधा किंवा प्लेट असे काही शरीरात बसवले असेल तर ९० दिवस पाठपुरावा करायचा असतो. दहाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करा आणि साधे प्रश्न विचारा: जखमेतून पाणी किंवा पू आला का, ताप होता का, दुसऱ्या कोणा डॉक्टरांनी टाके उघडले का, नवे औषध सुरू केले का. ‘इन्फेक्शन झाले का’ असे विचारू नका. त्याला लोक ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी इन्फेक्शन म्हणजे काहीतरी फार मोठे.

तिसरी पायरी: एका संसर्गामुळे खरोखर किती दिवस वाढले

इथे जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस एकच चूक करतो. संसर्ग झालेल्या रुग्णांचा सरासरी मुक्काम १९ दिवस आणि न झालेल्यांचा ५ दिवस, म्हणून एका संसर्गामुळे १४ दिवस वाढले, असे तो लिहून टाकतो. आकडा भरभक्कम दिसतो आणि बैठकीत सगळे भुवया उंचावतात. पण तो चुकीचा असतो.

असे समजा की सात नंबरच्या खाटेवर डोक्याला मार लागलेला एक तरुण आहे. तो व्हेंटिलेटरवर आहे आणि त्याला लाइनही आहे. त्याला रक्तातला संसर्ग झाला तो बाराव्या दिवशी. पहिले अकरा दिवस तो अपघातामुळे तिथे होता. ते संसर्गाच्या नावावर टाकता येणार नाहीत. शिवाय तो इतका आजारी होता, म्हणूनच त्याला इतके दिवस लाइन होती आणि म्हणूनच त्याला संसर्गाचा धोकाही जास्त होता. संसर्गामुळे मुक्काम वाढतो हे खरे, पण लांब मुक्कामामुळेही संसर्ग होतो, आणि साध्या सरासरीत हे दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

यावर विद्यापीठांतले लोक किचकट संख्याशास्त्र वापरतात. तुमच्यासाठी एक कामचलाऊ पण प्रामाणिक रीत पुरेशी आहे. संसर्ग झालेल्या प्रत्येक रुग्णासाठी त्याच वयोगटातला, त्याच आजाराचा आणि मुख्य म्हणजे संसर्गाच्या दिवसापर्यंत तेवढेच दिवस दाखल असलेला, पण संसर्ग न झालेला एक जोडीदार रुग्ण जुन्या फाइलींतून शोधा. मग त्या दिवसानंतर दोघे आणखी किती दिवस राहिले याची तुलना करा. चौदाचे सहा-सात दिवस होतील. आकडा लहान झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. बैठकीत एखाद्या चाणाक्ष भूलतज्ज्ञाने उलट प्रश्न विचारला तरी हा आकडा उभा राहतो.

चौथी पायरी: रुपयांत मांडताना

आता एक मनाने रचलेले उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. बारा खाटांचा आयसीयू, वर्षाला १,५०० लाइन-दिवस, त्यात सेंट्रल लाइनचे ९ संसर्ग, म्हणजे दर हजारी ६. जोडीदार पद्धतीने प्रत्येकी ७ जादा दिवस निघाले. चांगला कार्यक्रम राबवून यातले एकतृतीयांश, म्हणजे ३ संसर्ग टळले असे धरू. एकतृतीयांश हे प्रमाण हवेतले नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात झालेल्या आणि १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या सेनिक या मोठ्या अभ्यासात, नीट पाळत आणि नियंत्रण ठेवणाऱ्या रुग्णालयांत साधारण ३२ टक्के संसर्ग टळू शकतात, असे दिसले होते. तीन संसर्ग टळले, म्हणजे २१ खाट-दिवस मोकळे झाले.

या २१ दिवसांची किंमत किती? बहुतेक जण वर्षाचा एकूण खर्च भागिले एकूण खाट-दिवस करतात, एका दिवसाचे ८,००० रुपये काढतात आणि १,६८,००० रुपये वाचले असे जाहीर करतात. दुसऱ्या दिवशी कॅशियर ते पैसे शोधतो आणि त्याला ते कुठेच सापडत नाहीत. कारण उघड आहे. त्या ८,००० मध्ये सिस्टरचा पगार, इमारतीचे कर्ज, एसी, लिफ्टची देखभाल हे सगळे मिसळलेले आहे, आणि तीन संसर्ग टळले म्हणून यातले काहीच कमी होत नाही. रुग्णालयाचा बराचसा खर्च खाट भरलेली असो वा रिकामी, चालूच राहतो.

खरोखर वाचतो तो त्या रुग्णावर प्रत्यक्ष खर्ची पडणारा भाग: अँटिबायोटिक, कल्चर, नवी लाइन, ड्रेसिंगचे सामान. तो संसर्गामागे ४०,००० रुपये धरला तर तिघांचे १,२०,००० होतात. मोकळ्या २१ दिवसांची किंमत मात्र त्या खाटेवर दुसरा रुग्ण येतो की नाही यावर ठरते. तुमचा आयसीयू भरलेला असेल, कॅज्युअल्टीतून रोज एखादा रुग्ण ‘बेड नाही’ म्हणून परत जात असेल आणि सरासरी मुक्काम साडेचार दिवसांचा असेल, तर तेवढ्या दिवसांत आणखी चार रुग्ण घेता येतील. त्यांच्यावरचा प्रत्यक्ष खर्च वजा जाता प्रत्येकी २५,००० रुपये उरत असतील तर १,००,००० रुपये आणखी मिळतात. कार्यक्रमाचा जादा खर्च १,५०,००० असेल, तर भरलेल्या आयसीयूत ७०,००० रुपये शिल्लक राहतात. आयसीयू अर्धा रिकामाच असेल तर मोकळ्या खाटेवर कोणी येणार नाही, आणि त्याच कार्यक्रमात ३०,००० रुपये तूट दिसेल.

हा सगळा हिशेब पॅकेजच्या रुग्णांचा झाला. सगळे रुग्ण रोख बिलाचे असतील तर ते १,२०,००० रुपये कुटुंबांचे वाचतात, रुग्णालयाचे नाही. रुग्णालयाला फायदा होतो तो फक्त मोकळ्या खाटेतून.

अर्धा रिकामा आयसीयू असलेल्या रुग्णालयाने मग हे काम करू नये का? करावे, अर्थातच. पण तिथे ‘पैसे वाचतील’ असे सांगून मंजुरी घेऊ नये, कारण वर्षभरानंतर तो हिशेब तुमच्यावरच उलटेल. तीस हजारांत तीन माणसांचा रक्तातला संसर्ग टळतो, असे सरळ सांगावे. जुनी एक्स-रे ट्यूब बदलताना कोणी ती पैसे वाचवते का असे विचारत नाही. अतिदक्षता विभागातले असे संसर्ग जीवघेणे ठरतात, म्हणून मृत्यूंचा आकडा रुपयांत बदलायच्या फंदात न पडता तो कागदावर स्वतंत्र ओळीत लिहावा. त्याच कागदावर कुटुंबाच्या बाजूचीही एक ओळ असावी: बुडालेला रोजगार, सोबत राहणाऱ्या माणसाचे जेवणखाण, उसनवारी. हा खर्च तुमच्या वहीत कधीच येत नाही, पण तो कोणीतरी भरत असतोच.

पाचवी पायरी: आधी काय बंद करायचे

नवा खर्च मागण्याआधी जुना वायफळ खर्च शोधून काढा. त्यातून पैसाही सुटतो आणि व्यवस्थापनाचा विश्वासही बसतो.

सर्वांत मोठी गळती शस्त्रक्रियेनंतरच्या अँटिबायोटिकमध्ये असते. स्वच्छ शस्त्रक्रियेसाठी चीर देण्याआधीच्या तासाभरात योग्य औषधाचा एक डोस पुरतो; शस्त्रक्रिया फार लांबली किंवा रक्तस्राव जास्त झाला तरच मध्ये पुन्हा द्यावा लागतो. तरीही साध्या हर्नियाच्या रुग्णाला तीन दिवस इंजेक्शन आणि मग टाके काढेपर्यंत गोळ्या, ही पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. त्याने जखमेचे संसर्ग घटत नाहीत, औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात. एका महिन्याच्या हर्निया, थायरॉइड आणि हायड्रोसीलच्या फाइली काढा, पहिल्या डोसनंतर दिलेल्या प्रत्येक कुपीची किंमत मांडा आणि तो आकडा शल्यचिकित्सकांपुढे ठेवा. एखादे सर रागावतील. कागदावर कोणाचेही नाव न लिहिता फक्त एकूण बेरीज दाखवली तर राग लवकर ओसरतो.

दुसरी गळती ऑपरेशन थिएटरच्या फ्यूमिगेशनमध्ये. दर शनिवारी दारांच्या फटींना पट्ट्या लावून फॉर्मेलिनचा धूर सोडायचा आणि सोमवारी डोळे चोळत आत शिरायचे, हा आपल्याकडचा जुना परिपाठ आहे. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे, आणि नेमाने केलेल्या धुरीने जखमेचे संसर्ग कमी होतात असा पुरावा नाही. डिटर्जंटने घासून पुसणे, मग जंतुनाशकाने पुसणे आणि हवेची व्यवस्था नीट चालू ठेवणे याला पर्याय नाही. भिंती आणि टेबलांचे दर आठवड्याचे स्वॅबही याच जातकुळीतले. उद्रेकाचा तपास चालू असेल तेव्हा स्वॅब घ्यावेत. एरवी ‘नो ग्रोथ’चे कागद फाइलीत लावण्यासाठी प्रयोगशाळेचे माध्यम आणि तंत्रज्ञाचा वेळ खर्च करू नये. दाराशी अंथरलेल्या चिकट चटया आणि बुटांवरची प्लॅस्टिकची आवरणे यांनीही संसर्ग घटत नाहीत.

काही ठिकाणी खर्च योग्यच असतो पण तो वाया जातो. सकाळी उघड्या बादलीत कालवलेले हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक) दुसऱ्या दिवशी वापरले तर त्यातला क्लोरीन बराच उडालेला असतो. ते रोज ताजे करावे आणि झाकून ठेवावे. शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्याने केस काढण्याची चाल बंद करावी. केस काढणे गरजेचेच असेल तर क्लिपर वापरावा, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून जंतू आत जातात. क्लिपर एकदा घ्यावा लागतो. त्याचे पाते मात्र प्रत्येक रुग्णासाठी नवे हवे, ती किंमत हिशेबात धरा.

सहावी पायरी: मग पैसा कुठे घालायचा

पहिला मान हँड रबचा. वॉर्डात त्याला कोणत्याही कंपनीचा असला तरी स्टरिलियमच म्हणतात. तो दाराशी नको, प्रत्येक खाटेच्या हाताशी हवा. सिंक दहा पावलांवर असेल तर घाईत कोणी तिथवर जात नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ पासून खाटेजवळ हँड रब ठेवून जोरदार मोहीम राबवली गेली, तेव्हा काही वर्षांत हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयजन्य संसर्गांचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले.

तुमच्या रुग्णालयात हात खरेच स्वच्छ होतात का, हे पाहण्याची एक सोपी युक्ती स्टोअरमध्ये आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड दर १,००० रुग्ण-दिवसांमागे किमान २० लिटर हँड रब असा आहे. शंभर खाटांच्या रुग्णालयात रोज सरासरी ७५ खाटा भरलेल्या असतील तर महिन्याचे २,२५० रुग्ण-दिवस होतात, म्हणजे ४५ लिटर, अर्धा लिटरच्या नव्वद बाटल्या. आता स्टोअरकीपर भाऊंचे इंडेंट रजिस्टर उघडा. तिथे महिन्याला चौदा बाटल्यांची नोंद असेल आणि निरीक्षणाच्या अहवालात ‘हात धुण्याचे प्रमाण ९२ टक्के’ लिहिलेले असेल, तर दोहोंपैकी रजिस्टरवर विश्वास ठेवा.

बाटल्या महाग पडत असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने हँड रब रुग्णालयातच करता येतो. दहा लिटरसाठी ९९.८ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ७,५१५ मिलि, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलि आणि ९८ टक्क्यांचे ग्लिसरॉल १४५ मिलि घ्यायचे, आणि उकळून गार केलेल्या पाण्याने १० लिटर पुरे करायचे. भरल्यावर ७२ तास तसेच ठेवून मग वापरायचे. हे द्रव्य पेट घेते. मोठा साठा आणि आग एकत्र येणार नाहीत अशी जागा, प्रशिक्षित औषधनिर्माता आणि प्रत्येक घाण्याची नोंद यांची सोय नसेल तर तयार बाटल्याच स्वस्त पडतात.

दुसरा मान सेंट्रल लाइनच्या पाच साध्या गोष्टींचा: हात स्वच्छ करणे, लाइन घालताना टोपी-मास्क-गाऊन-हातमोजे आणि रुग्णाच्या अंगभर निर्जंतुक चादर, क्लोरहेक्झिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपली की लाइन काढणे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी हे पाळले, तेव्हा दर हजार लाइन-दिवसांमागे संसर्गाचा सरासरी दर दीड वर्षात ७.७ वरून १.४ वर आला. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात महागडे यंत्र एकही नव्हते. पण एक गोष्ट पैशाने विकत मिळत नाही: एखादी पायरी चुकली तर सिस्टरने डॉक्टरांना ‘सर, थांबा’ म्हणायचे आणि व्यवस्थापनाने तिच्या बाजूने उभे राहायचे, हा अधिकार तिथे सिस्टरला दिलेला होता.

पाचांपैकी शेवटची गोष्ट तर फुकट आहे. रोजच्या राउंडला प्रत्येक लाइनपुढे आणि प्रत्येक लघवीच्या नळीपुढे ‘आज ही कशासाठी?’ एवढाच प्रश्न विचारायचा. ‘राहू दे, सोयीचे पडते’ हे उत्तर मिळाले की ती काढायची वेळ झाली असे समजावे.

तिसरा आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे या कामासाठी पूर्णवेळ परिचारिका. २५० खाटांमागे किमान एक हा जुना दंडक आहे; आयसीयू मोठा असेल तर त्याहून जास्त हव्यात. कागदावर नेमणूक करून तिला रोज कमी पडलेल्या वॉर्डात पाठवणे म्हणजे पगार देऊन काम न घेणे. तिच्या कामाचे तास दोन आठवडे नोंदवून पाहा, किती तास संसर्ग नियंत्रणाला मिळाले ते आपोआप कळेल.

सातवी पायरी: बैठकीत एकच कागद न्या

व्यवस्थापनाला तीस स्लाइड दाखवू नका. एका पानावर पाच गोष्टी पुरतात: दर आणि त्याचा छेद, जोडीदार पद्धतीने काढलेले जादा खाट-दिवस, आयसीयू किती टक्के भरलेला असतो, बंद केलेल्या खर्चातून सुटलेली रक्कम आणि मागितलेली रक्कम. यातले खाट-दिवस डॉक्टर, मेट्रन आणि लेखापाल तिघांनाही एकाच अर्थाने कळतात. रुपयांवर वाद होतो, दिवसांवर सहसा होत नाही.

दर तीन महिन्यांनी मांडा, महिन्याला नको. बारा खाटांच्या आयसीयूत एका महिन्यात शून्य आणि पुढच्या महिन्यात दोन संसर्ग होणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो, आणि त्यावर कोणाला शाबासकी किंवा मेमो देणे हास्यास्पद आहे. संसर्गांचे आकडे लहान असतात तोवर हँड रबचा खप, लाइन घालतानाच्या पूर्ण भरलेल्या चेकलिस्टची संख्या आणि लाइन सरासरी किती दिवस राहिली हे आकडे जास्त भरवशाचे असतात, आणि ते लवकर हलतात.

पहिल्या तिमाहीत तुमचा दर बहुधा वाढलेलाच दिसेल, कारण पूर्वी जे कोणी पाहत नव्हते ते आता वहीत येऊ लागते. हे दर वाढल्यावर सांगितले तर सबब वाटते. म्हणून पहिल्याच कागदाच्या तळाशी, सहीच्या वर, ठळक अक्षरांत लिहून ठेवा: ‘मोजणी सुधारल्यामुळे पुढच्या तीन महिन्यांत हा आकडा वाढण्याची शक्यता आहे.’ त्यावर अध्यक्षांची सही घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.